लक्कीची पानं आणि तीन बोटं

अक्का, तुमची लक्की एका बाजूनं ओकीबोकी झाली आहे. फाटकाकडची, रस्त्यावरून दिसणारी बाजू पानांनी गच्च भरलेली आणि मागची, न्हाणीघराच्या भिंतीकडची बाजू नुसत्या काड्या. हे मला तुम्ही गेल्यावर दिसलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मला तेव्हाच दिसलं होतं. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना मी खाली पाहिलं आणि मनात म्हटलं, अक्कांच्या तेलाला मागणी वाढलेली दिसते. एवढं म्हणून मी उरलेले चिमटे लावले आणि कॉलेजला निघून गेले.

तेरावं झालं. तुमचा शिरीष दिवस करून हैदराबादला परत गेला. मोठे भावजी खाली टीव्ही लावून बसतात आणि आवाज बंद ठेवतात. आपल्या बनशंकरीतलं कोण कोण येऊन गेलं. जो येतो तो म्हणतो, सुटल्या बिचाऱ्या, फार सोसलं त्यांनी. मी मान हलवते. सोसलं हे खरंच आहे. फक्त किती सोसलं ते मोजायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि ते मला जमलं नाही. ज्यांना हे माहीत नाही ते मला म्हणतात, तू किती केलंस गं जावेसाठी. तेव्हा मला उठून आत जावंसं वाटतं.

म्हणून हे लिहिते आहे. समोरासमोर बसून बोलायची आपली रीत कधी नव्हतीच. तुम्ही मशीनवर, मी दारात, एक पाय चपलेत घातलेला, मेट्रोची वेळ झालेली, असंच आपलं सगळं बोलणं झालं. इतकी वर्षं एका घरात, तुम्ही खाली आणि आम्ही वर, आणि आपण दोघी एका जागी बसून चहा किती वेळा प्यालो, ते आठवायला मला डोकं खाजवावं लागतं.

मी पुण्याहून लग्न होऊन या कानडी मुलखात आले तेव्हा मला सांगून ठेवलं होतं, मोठी जाऊ कडक आहे. सगळी गल्ली तुम्हाला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. तुमचं बोलणं ऐकून मला हसू यायचं. थोडं म्हणायला ‘स्वल्प सरक’, बरं म्हणायला ‘सरी, राहू दे’. तुमच्या माहेरचे लोक इथं येऊन कितीतरी पिढ्या झालेल्या, तुमच्या मराठीत कानडी कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे तुम्हालाही सांगता आलं नसतं. मी हसते हे तुमच्या लक्षात आलं तेव्हा तुम्ही दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, “तुझं मराठी लई इस्त्रीचं आहे, सुमा. चार दिवस वापर, सुरकुत्या पडतील.” पडल्या. आता पुण्याला गेले की माझी बहीण मला हसते.

लक्की म्हणजे आमच्याकडची निर्गुंडी, हे मला इथं आल्यावर कळलं. तिची पानं ठेचून रस काढायचा, तिळाच्या तेलात घालायचा आणि मंद आचेवर ठेवायचा. रसातलं पाणी आटलं की नाही हे बघायला तुम्ही त्यात वात बुडवून पेटवायचात. चरचरली तर अजून पाणी आहे, गप्प जळली तर तेल झालं. माझा आखडलेला खांदा तुम्ही त्याच तेलानं मोकळा केलात. ब्लाउज घ्यायला येणाऱ्या बायकांनाही ब्लाउजबरोबर एक छोटी बाटली मिळायची. झाडापाशी जाताना तुम्ही आधी खोडाला हात लावायचात, मग पानाला. दिवा लागल्यावर पान तोडायचं नाही. आणि एक रीत मी दुसरीकडे कुठंच ऐकलेली नाही. ज्याचं दुखतं त्यानं स्वतः तोडायचं नाही, दुसऱ्या कुणाकडून तोडून घ्यायचं. का, म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “तसं असतं, बस.”

‘तसं असतं’ हे मला कधीच पुरलं नाही. कॉलेजात औषधं कशी काम करतात ते शिकवते मी, माझं पोटच त्या प्रश्नावर भरतं. लक्कीच्या पानांची तपासणी करायची असं मी ठरवलं, तेव्हा तुम्ही जरा दुखावलात. ते मला कळलं आणि मी तिकडे काणाडोळा केला.

“गुण येतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तू काय शोधतेस?” तुम्ही विचारलंत.

“गुण येतो तो पानानं येतो, का तिळाच्या तेलानं, का नुसत्या चोळण्यानं, ते.”

“चोळणाऱ्या हातानं येतो असं लिही.”

“हाताचा अर्क काढता येत नाही, अक्का.”

मग मी पानं सावलीत वाळवली, पूड केली आणि अल्कोहोलमधून तिचा अर्क काढला. घट्ट, काळपट हिरवा, बोटाला चिकटणारा. तो मी तुम्हाला दाखवायला आणला होता. तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात, “अय्यो, लक्कीला दारू पाजलीस?” त्यानंतर कितीतरी दिवस मी घरी आले की तुम्ही विचारायचात, लक्की शुद्धीवर आली का.

तुम्हाला मी एकदाच प्रयोगशाळेत नेलं. वाळवायला आणखी पानं हवी होती आणि पिशवी जड होती, म्हणून तुम्ही माझ्याबरोबर मेट्रोनं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आलात आणि तिथून रिक्षानं कॉलेजात. मोठे भावजी पीण्यातल्याच एका कारखान्यात लेथवर आयुष्यभर उभे राहिले, पण तुम्ही तिकडे कधी गेला नव्हतात. रिक्षातून शेड मोजल्यासारख्या बघत होतात. मग प्राण्यांच्या खोलीत नाकाला पदर लावून तुम्ही पिंजऱ्यासमोर उभ्या राहिलात. पांढरा उंदीर तुमच्याकडे बघत होता.

“ह्याचं काय दुखतं?”

“आत्ता काही नाही. आम्ही त्याच्या पंजात एक इंजेक्शन देतो, त्यानं पंजा सुजतो. मग काहींना लक्कीचा अर्क पाजतो, काहींना नाही. कुणाची सूज किती उतरली ते मोजतो.”

“म्हणजे दुखणं तूच देतेस.”

“हो.”

“आणि तूच मोजतेस.”

“हो.”

“मग सोपं आहे की.”

मला राग आला. परवानग्या, कागद, वर्षभराचं काम, आणि तुम्ही ते ब्लाउजच्या हुकासारखं बाजूला ठेवलंत. मी तुम्हाला बराच वेळ समजावून सांगत बसले, की हे सोपं का नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि निघताना विचारलंत, “औषध तुझं आहे हे त्याला ठाऊक असतं का?” मी म्हटलं, नाही, कसं असेल. “बरं आहे. नाहीतर बिचारा तुझ्या तोंडाकडे बघून बरं वाटतं म्हणाला असता.” आपण दोघी हसलो. रिक्षात पुन्हा आठवून हसलो. अक्का, त्या हसण्याचं आता मला काय करायचं ते सुचत नाही.

सूज उतरली. ज्यांना अर्क मिळाला होता त्यांचे पंजे कमी सुजले, आणि हे नीट, पुन्हा करून पाहिलं तरी दिसलं. मी बसवनगुडीत उतरून म्हैसूरपाक घेतला आणि घरी येऊन तुमच्या मशीनवर डबा ठेवला. म्हटलं, अक्का, लक्की पास झाली. तुम्ही डबा उघडलात. एक तुकडा खाल्लात, हात पुसलेत, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला बाटली देताना म्हणू लागलात, “आमच्या सुमानं टेस्ट केलंय.” मी तुम्हाला सांगायला हवं होतं की उंदरांत दिसलं म्हणजे माणसांत दिसेलच असं नाही, आणि अर्क वेगळा, तेल वेगळं. मी सांगितलं नाही. ऐकायला गोड वाटत होतं.

मग गौरी-गणपतीच्या आधीची ब्लाउजांची गर्दी आली. एका सकाळी तुम्ही मला दारात थांबवलंत. “सुमा, स्वल्प पानं तोडून दे.”

“कुणासाठी?”

“मलाच. कंबर धरलीय.”

मशीनवर वाकून वाकून, तुम्ही म्हणालात. मशीनवर वाकून वाकून, मी म्हटलं. मोठे भावजीही आतून तेच म्हणाले. कारण इतकं समोर दिसत होतं की त्याच्या मागं कुणी डोकावलंच नाही. आणि माझ्या डोक्यात तर त्या क्षणी भलतंच चाललं होतं. उंदरांनंतर पुढची पायरी माणसं. रीतसर काम व्हायला वेळ लागणार होता, त्याआधी घरच्या घरी थोडा अंदाज घ्यावा असं मला वाटलं. मी तिथंच, हातात पानं घेऊन तुम्हाला विचारलं, “शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?”

“सहन होत नाही असं बायकांचं काही असतं का?”

“सांगा हो अक्का.”

तुम्ही म्हणालात, “सात घाल.”

सात. शिरीषच्या वेळी कळा येत असताना तुम्ही आधी हातातला ब्लाउज पुरा केला होतात, ही गोष्ट या घरात अजून सांगतात. दाढ काढून आल्यावर त्याच दुपारी मशीनवर बसणारी बाई सात म्हणते, तेव्हा कुणीही शहाणं माणूस दचकलं असतं. मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. सुरुवात वरून झाली की उतार चांगला दिसतो.

तिथून आपला खेळ सुरू झाला. मी पानं तोडून द्यायची, तुम्ही तेल करून कमरेला लावायचात. मी रोज निघताना दारात उभी राहून विचारायची, अक्का, आज किती? तुमच्या तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, बोलता यायचं नाही. तुम्ही मशीनवरचे हात उचलून बोटं दाखवायचात. सहा. पुढं पाच. मग दिवाळीच्या सुमाराला तीन, आणि मग रोज तीन. मान वर न करता तुम्ही तीन बोटं दाखवायचात, मी बरं म्हणून दुसरी चप्पल घालायची आणि निघायची. मेट्रोत उभी असताना मला छान वाटायचं. आपण घरासाठीही काहीतरी करतो, असं.

बाकीचंही दिसत होतं. तुमचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, लोह कमी असेल, खजूर खा. तुम्ही वर यायचं सोडलं होतंत. भाजीची वाटी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून तुम्ही हाक मारायचात आणि मी उतरून घ्यायची. मला वाटलं, गुडघे. तुम्ही मोठी ऑर्डर परत पाठवलीत. मला वाटलं, वय. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि त्यातलं एकही मी तपासलं नाही.

एका रविवारी मोठे भावजी म्हणाले, हिला एकदा डॉक्टरकडे दाखवू या. तुम्ही लगेच म्हणालात, “कशाला? सुमाचं तेल चाललंय की. कमी होतंय.” आणि माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही माझ्याकडे का पाहिलंत, अक्का? तेव्हा मला वाटलं, माझा पाठिंबा हवा आहे. आता वाटतं, कदाचित मी नाही म्हणावं म्हणून पाहिलं असेल. मी म्हटलं, “हो भावजी, उतार आहे. अजून थोडे दिवस बघू.” भावजी माझं ऐकतात. मी डॉक्टर आहे ना, औषधांची का होईना. त्यांनी विषय सोडला.

अजून थोडे दिवस बघू. हे माझे शब्द आहेत. भावजी मला त्यावरून एका शब्दानंही बोललेले नाहीत. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

संक्रांत झाल्यावर तुम्ही इस्त्री उचलायला गेलात आणि तिथंच खाली बसलात. मणका मोडला होता. इस्त्री उचलून मणका कसा मोडतो, असं मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं, जसं काही तोच चुकीचं सांगत होता. तपासण्या झाल्या. हाडांच्या आतल्या मज्जेचा कर्करोग. हाडं आतून पोखरून निघाली होती. मोठ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखणं केव्हापासून आहे? मी पुढं होऊन सांगितलं, गणपतीच्या आधीपासून. सात होतं, तीनवर आलं होतं. मला आठवतं, हे सांगताना माझा आवाज वर्गात असतो तसा होता.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आणि दुखत कशानं होतं?”

मी आयुष्यभर दुखणं मोजलं आहे, पण ते कशानं आहे हे मला कधी शोधावं लागलेलं नाही. माझ्या पिंजऱ्यात ते मीच दिलेलं असतं. पंजा का सुजला हे मला ठाऊक असतं, कारण सुई माझ्याच हातात होती. मला बघायचं असतं ते एवढंच, की उतरतं का. तीच सवय मी घरी घेऊन आले आणि तुमच्या मशीनसमोर उभी राहिले. सोपं आहे की, म्हणाला होतात तुम्ही. सोपं होतं, अक्का. म्हणूनच मला तेवढंच जमत होतं.

आधी आलो असतो तर काही करता आलं असतं का, हे मी डॉक्टरबाईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. तुमच्या मनाला त्रास नको म्हणून म्हणताय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, खरंच सांगता येत नाही. मी ते वाक्य घेऊन घरी आले. रोज ते काढून बघते आणि कधी ते थोडं माझ्या बाजूचं वाटतं, कधी अजिबात नाही.

दवाखान्यात मी तुमच्या पायांना तेल लावायची, कारण कमरेला हात लावायची परवानगी नव्हती. मी किती म्हणून विचारायचं सोडलं होतं. एका दुपारी तुम्हीच म्हणालात, “विचार की.” मी म्हटलं, नको. तुम्ही सलाईन लावलेला हात थोडा उचललात आणि तीन बोटं दाखवलीत. मला हसावं का रडावं कळेना.

“पेपर झाला का तुझा?”

“घेतला त्यांनी. छापून येईल.”

“माझं नाव घातलंस?”

“पानं कुठून आणली ते लिहावं लागतं. बनशंकरीतल्या घराच्या अंगणातून, असं लिहिलंय.”

“सरी. आणि उंदरांचं?”

“उंदरांचं नाव नसतं, अक्का.”

“बिचारे,” तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी तेव्हा म्हणणार होते. अक्का, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात नर्स आली, तिला रक्त घ्यायचं होतं, मी बाजूला झाले. नंतर तुम्ही जाग्या असायचात तेव्हा भावजी असायचे, नाहीतर शिरीष. खरं तर वेळ होता. मी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच ‘राहू दे’ म्हणाला असतात आणि मला ते इतक्या स्वस्तात नको होतं.

हे सगळं मी गेले काही दिवस मनातल्या मनात घोळवतेच आहे. लिहायला बसले ती मात्र सरोजाबाईंमुळे.

शेजारच्या सरोजाबाई परवा सकाळी फाटकात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सुमाबाई, स्वल्प लक्कीची पानं देता का तोडून? माझी कंबर बसलीय.” मी घाईत होते. म्हटलं, फांदी तुमच्याच भिंतीवर आलीय, तोडून घ्या की.

“माझ्यासाठी मीच कशी तोडू? अक्कांनी शिकवलंय.” मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, “शेवटी शेवटी त्यांनीच मोडलं ते.”

मला कळेना. त्यांनी मागच्या बाजूकडे बोट दाखवलं, त्या काड्यांकडे. तुम्ही दुपारी, मी कॉलेजात असताना, भिंतीला धरून धरून जायचात आणि स्वतः पानं तोडायचात. तव्यावर गरम करून कमरेला बांधायचात, वरून साडी. मी तोडून दिलेल्या पानांच्या तेलाशिवाय हे वेगळं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून मागची बाजू. सरोजाबाईंनी भिंतीवरून पाहिलं होतं.

“मी म्हटलं, अक्का, मला हाक मारा की, मी देते तोडून. तर म्हणाल्या, तुला कळलं की सुमाला कळणार. तिचं टेस्ट चाललंय, तीनवर आलंय. आता वर गेलं तर पोरीचं सगळं परत पहिल्यापासून.” सरोजाबाईंनी डोळे पुसले. “शपथ घातली होती मला. आता त्याच नाहीत, म्हणून सांगते.”

अक्का, ते टेस्ट नव्हतं. तो माझा घरगुती अंदाज होता. ते कुठंही छापून येणार नव्हतं, त्यावर माझं काही अडलं नव्हतं. पेपर उंदरांवर होता आणि तो कधीच झाला होता. हे मी तुम्हाला एका वाक्यात सांगू शकले असते. तुम्हाला वाटत राहिलं की माझी मोठी परीक्षा तुमच्या कमरेवर चालू आहे, आणि तुम्ही मला त्यात पास करत राहिलात.

तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी फिरतं आहे. तीन खरं असेल, तर तेलानं काम केलं आणि मी तुमचं दुखणं झाकून टाकलं, जे ओरडून काही सांगत होतं त्याचं तोंड दाबलं. तीन खोटं असेल, तर तेलानं काहीच केलं नाही आणि तुम्ही माझ्यासाठी सातच्या सात सोसलंत, कदाचित जास्त. यातलं कुठलं खरं, हे आता कुठल्याच प्रयोगशाळेत कळणार नाही. आणि दोन्हीकडून वाट माझ्याच दाराशी येते.

मला तुमचा रागही येतो. तो लपवून काय करू? तुमचीच रीत होती. पान दुसऱ्याकडून तोडून घ्यायचं. ‘तसं असतं, बस’ म्हणालात, पण कशासाठी ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मागावं लागलं की घरात कुणाला तरी कळतं, की हिचं दुखतं आहे, आणि कालच्यापेक्षा आज जास्त पानं मागते आहे. मी झाडाच्या पानांत काय काय असतं ते शोधत बसले आणि ही रीत मात्र भाबडेपणा म्हणून सोडून दिली. पण तुम्ही तर तिला ओळखून होतात. सगळ्या गल्लीला ती शिकवलीत आणि माझ्यासाठी मोडलीत. कुणी सांगितलं होतं इतकी माया करायला?

सरोजाबाई अजून फाटकातच होत्या. किती दुखतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं. कुठं दुखतं ते दाखवायला लावलं, केव्हापासून, पडून राहिलं तरी दुखतं का, भूक कशी आहे. त्या वैतागल्या. म्हणाल्या, “तुम्ही पानं द्या हो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सांगते की तुम्हाला.”

मी कॉलेजात फोन करून सुट्टी टाकली आणि त्यांना रिक्षात घातलं. सगळ्या वाटेनं त्या कुरकुरत होत्या, एवढ्याशा कमरेला डॉक्टर कशाला. मी त्यांचा हात सोडला नाही, पळून जातील अशी भीती वाटत होती. एक्स-रे झाला, रक्त दिलं. रक्ताचा रिपोर्ट आज आला. काही नाही. वयानं हाडं झिजली आहेत, वाकून काम कमी करा, एवढंच. सरोजाबाई म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं? मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आणि दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर मी इतकी रडले की त्यांनाच मला धरून बसावं लागलं. तुमचंही एवढंच निघायला काय हरकत होती?

घरी आल्यावर मी त्यांना पानं तोडून दिली. आधी खोडाला हात लावला, तुमच्यासारखा. फाटकाकडच्या बाजूनं तोडली. त्या म्हणाल्या, उद्या येऊन सांगते किती उतरलं ते. मी म्हटलं, या, पण नाही उतरलं तर नाही उतरलं म्हणून सांगा, मला काही वाटणार नाही. हे बोलायला मला किती वेळ लागला बघा.

आता खाली तुमच्या मशीनशी बसून हे लिहिते आहे. चपला दाराबाहेर काढल्या आहेत, मला कुठं जायचं नाही. भावजी आत झोपले आहेत. तपासणी संपली, अक्का. कुणी पास व्हायचं नाही, कुणी नापास व्हायचं नाही, तुमच्या कुठल्याही उत्तरानं माझं काही बिघडणार नाही. तोंडातल्या टाचण्या काढा आणि एकदा खरं सांगा. किती होतं?